पट्ट्यांची वही: प्रकल्प नोंदी

18 फेब्रुवारी 2024, नागोया

ओसू कान्नोनच्या देवळात दर महिन्याच्या 18 आणि 28 तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आज 18, त्यात रविवार, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. इमारीच्या बशा, लोखंडी किटल्या, किमोनोंचे ढीग, ‘एक घ्या दोन घ्या’च्या पेट्या. परदेशी माणूस दिसला की दुकानदार आधी नेत्सुके (किमोनोच्या पट्ट्याला अडकवायचे कोरीव खुंटे) दाखवतात. मी त्या वाटेला जात नाही. हस्तिदंत असेल तर कायद्याचं लचांड, नसेल तर बहुधा परवा बनवलेलं.

ताडपत्रीच्या कोपऱ्यात, मणी गळलेल्या एका सोरोबानखाली (हिशेबाच्या मणीपाटीखाली) एक लांबट वही होती. दोऱ्यानं बांधलेली, आणि पानांत काहीतरी कोंबल्यासारखी फुगलेली. उघडली तर पानोपानी कापडाचे तुकडे. निळे, करडे, तपकिरी, सगळे पट्ट्यापट्ट्यांचे किंवा चौकटींचे. शिमा-चो. पट्ट्यांची वही.

हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जपानच्या खेड्यांत घरोघरी माग होते आणि घरचं कापड बायकाच विणायच्या. विणून झालं की त्यातला दोन बोटांएवढा तुकडा कापायचा आणि घरात पडलेल्या जुन्या हिशेबाच्या वहीत खळीनं चिकटवायचा. शेजारणीचा पट्टा आवडला तर तिच्याकडूनही तुकडा मागून आणायचा. पुढचा ताणा (मागावरचे उभे धागे; आडवे म्हणजे बाणा) लावायच्या वेळी वही काढायची, पट्टा निवडायचा, धागे मोजायचे. सासूची वही सुनेकडे जायची.

आजोबांनी 24 हजार येन सांगितले, 20 हजारांना दिली. ‘एदो काळातली आहे,’ म्हणजे 1868 च्या आधीची, असं दोनदा म्हणाले. मी मान डोलावली. वही असेल एदोतली, कापडाचं कापडाला विचारू.

24 फेब्रुवारी

आधी विलगीकरण. जुन्या कागदात आणि खळीत कसर हमखास असते, आणि माझ्या कपाटात आणखी बऱ्याच चिंध्या आहेत ज्यांना ती आवडेल. वही आम्लरहित कागदात गुंडाळली, दोन पिशव्यांत हवा काढून बंद केली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. घरगुती फ्रीजर उणे 18 पर्यंतच जातो म्हणून मुक्काम जास्त. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दंव आत कापडावर बसतं.

तोवर कामाचा आराखडा ठरवला. प्रत्येक तुकड्याला क्रमांक. सुलट बाजूचा फोटो, रंगपट्टी आणि मोजपट्टीसकट. दर सेंटीमीटरला उभे धागे किती, आडवे किती. सूत एकपदरी की दुपदरी, पीळ कुठल्या बाजूला. रंगांचा क्रम. तुकड्याखाली हिशेबाची अक्षरं दिसत असतील तर तीही. एकही तुकडा सोडवायचा नाही, धुवायचा नाही, इस्त्री तर नाहीच. पाठ बघायची असेल तर जिथली खळ आपसूक सुटली आहे तिथूनच.

10 मार्च

वही बाहेर आली. आज फक्त मुखपृष्ठ.

अक्षर कुझुशिजी, म्हणजे वाहतं, एकातून दुसऱ्यात शिरणारं. मोडी समोर आली की शिकलेल्या मराठी माणसाचं जे होतं तेच आजच्या शिकलेल्या जपानी माणसाचं याच्यापुढे होतं. सुदैवाने ‘मिओ’ नावाचं ॲप आहे, 2021 साली आलेलं. फोटो काढला की अक्षरांवर आजची अक्षरं उमटतात. सगळी बरोबर नसतात, पण अंदाज येतो. कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी (त्यांच्या आजोळी साकेचं दुकान होतं, असली अक्षरं त्यांनी लहानपणी पाहिली आहेत) उरलेलं लावून दिलं.

आन्सेई, दुसरं वर्ष. पहिला महिना, शुभ दिवस. खाली मिकावा प्रांतातलं, म्हणजे नागोयाच्या पूर्वेकडच्या भागातलं, एक गाव. गावाचं आणि घराचं नाव मी नोंदीत ठेवलंय, इथे लिहीत नाही, त्या घरातली माणसं कदाचित अजून तिथेच असतील.

आन्सेई 2 म्हणजे 1855. शेजारी वर्षाचं चक्रातलं नावही आहे, लाकूड आणि ससा. आपल्या संवत्सरांसारखं हेही साठ वर्षांचं चक्र, त्यामुळे ताळा जमतो: 1855 हे सशाचंच वर्ष. म्हणजे हिशेबाची वही नक्की तेव्हाची. त्याच वर्षाच्या शेवटाकडे एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, मोठा भूकंप झाला होता. मिकावातल्या या दुकानाला त्याची झळ लागली की नाही, ते वहीत दिसत नाही. दिसतं ते तेल, मीठ आणि कोणाकडे किती येणं आहे ते.

दुकानदाराचं ‘एदो’ इथून आलंय. पण हिशेबाची वही आधी हिशेबाला वापरून संपते, मग काही वर्षं माळ्यावर पडते, मग कोणाच्या तरी हाती लागते. कापड त्यानंतरचं. किती नंतरचं, हाच या प्रकल्पाचा प्रश्न.

20 मार्च

आज विषुवदिनाची सुट्टी. दिवसभर फोटो. कॅमेरा वरून खाली रोखलेला, दोन्ही बाजूंनी दिवे, खिडकीला काळा पडदा. पान सपाट बसत नाही, तुकड्यांमुळे फुगतं, आणि काच ठेवून दाबायची नाही. कडेला फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या शिशाच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या.

तुकडे चारशेच्या घरात भरतील. काही पानांवर ओळीत, कडेला कड लावून, भिंतीला विटा लावाव्यात तसे. काही पानांवर कसेही. एका पानावर जागा संपली म्हणून तुकड्यावर तुकडा. निदान तीन वेगवेगळ्या हातांचं काम असावं: एकीला पट्टा नेहमी उभा लागतो, एकीला आडवा चालतो, आणि तिसरी कात्री न वापरता फाडते.

काही तुकड्यांच्या शेजारी शाईने आकडे आहेत. कोन 4, आसागी 2, कोन 4, पांढरा 2. गडद निळीचे चार धागे, फिक्या निळीचे दोन, आणि असंच पुढे. विणकराला एवढं पुरतं.

6 एप्रिल

इचलकरंजीला मामाला व्हिडिओ कॉल. मामाचे पॉवरलूम आहेत, आयुष्य सुतात गेलं. त्याला आधी नुसते फोटो पाठवले होते, वहीबद्दल काही सांगितलं नव्हतं. मला त्याचं मत कोरं हवं होतं.

‘ही पहिली धा-बारा पानं हातच्या सुताची हायत,’ तो म्हणाला. ‘बग की, एका जागी जाड, एका जागी बारीक. बाण्यात तर गाठीच दिसत्यात.’ मग पान 14 वरचा एक तुकडा मोठा करायला लावला. ‘ह्यो नव्हं. ह्याचा ताणा गिरणीचा हाय. बाणा हातचा.’

कशावरून?

‘अगं, ताणा सरळ रेघ मारल्यागत चाललाय. आन् बाणा बग, लाटा. ताण ताण्यावर येतो, धागा तुटला तर माग थांबतो. म्हनून चांगलं सूत ताण्याला घालत्यात. आमच्याकडं पन तसंच.’

मायक्रोस्कोपखाली तपासलं. ताण्याचे धागे एकसारखे, पीळ घट्ट आणि समान. बाण्याचा पीळ कुठे सैल कुठे घट्ट. मामा इंचात मोजतो, मी सेंटीमीटरमध्ये. माझे वीस उभे म्हणजे त्याचे पन्नास-एक्कावन्न. सोळा आडवे. विसाच्या आसपासचं सूत, असा त्याचा कौल.

मामाला न सांगता जे पाहायचं होतं ते हेच. 1859 ला योकोहामा बंदर उघडलं आणि विलायती गिरण्यांचं सूत जपानात उतरू लागलं. मेइजी काळाच्या (1868 ते 1912) सुरुवातीच्या दशकांत खेड्यापाड्यांत ताण्याला विकतचं सूत आणि बाण्याला घरचं, अशी मिसळ सर्रास होती. म्हणजे पान 14 हे 1855 चं असणं शक्य नाही.

7 एप्रिल

एक मोह टाळायचा आहे, तो लिहून ठेवते म्हणजे टळेल.

1880 च्या दशकात जपानला जाणाऱ्या सुतात मुंबईच्या गिरण्यांचं सूत भरपूर होतं. गिरणगावाचं सूत मिकावातल्या एखाद्या सुनेच्या मागावर चढलं असणार, यात शंका नाही. पण या तुकड्यातलं सूत मुंबईचं की मँचेस्टरकडचं की ओसाकाचं, हे धाग्याकडे बघून सांगता येत नाही. ओसाकाची मोठी सूतगिरणी शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने 1882 ला स्थापन झाली, 1883 ला साडेदहा हजार चात्यांवर सुरू झाली. 1897 पर्यंत जपानची सुताची निर्यात आयातीच्या वर गेली होती. 1893 ला निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांशी हातमिळवणी करून मुंबईची जहाजफेरी सुरू केली, ती मुख्यतः कच्च्या कापसासाठी. तेव्हा ‘ओसाकाचं’ म्हणावं तर त्यातला कापूसही आपल्याकडचा असू शकतो. स्प्रेडशीटच्या रकान्यात मी ‘गिरणीचं’ एवढंच लिहिणार. मुंबई मनात.

27 एप्रिल

नागोयातलं टोयोटाचं उद्योग आणि तंत्रज्ञान संग्रहालय. मोटारींच्या दालनात शाळेच्या सहली, यंत्रमागांच्या दालनात मी आणि दोन म्हातारे.

गाराबो पाहायला गेले होते. गाउन तोकिमुने नावाच्या माणसाने बनवलेलं सूतकताईचं यंत्र; 1877 च्या पहिल्या राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनात त्याला मोठं बक्षीस मिळालं. पत्र्याचे डबे एका रांगेत उभे, डब्यात पिंजलेला कापूस ठासलेला, वरून धागा ओढला जातो. डबा फिरतो म्हणून धाग्याला पीळ बसतो. पीळ जास्त झाला की धाग्याच्या ताणाने डबाच उचलला जातो, खालच्या चक्रापासून सुटतो आणि फिरायचा थांबतो. धागा ओढून बारीक झाला की डबा पुन्हा खाली बसतो आणि फिरू लागतो. वर, खाली, वर, खाली. त्या गारगार आवाजावरूनच यंत्राला नाव पडलं. विजेशिवाय, सेन्सरशिवाय स्वतःला सावरणारं यंत्र. मोटारीचे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या बाईने त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभं राहणं साहजिक आहे.

मिकावात हे यंत्र नदीवर गेलं. याहागी नदीत नावा नांगरायच्या, नावेच्या बाजूला पाणचक्की, आत गाराबोचे डबे. प्रवाहावर सूत निघायचं.

आणि इथेच माझ्या नोंदींची पंचाईत. गाराबोचं सूत जाडबारीक, सैल पिळाचं, हातच्या सुतासारखं दिसतं. मामाने ज्यांना ‘हातचं’ म्हटलं त्यातलं किती खरंच टकळी-चरख्याचं आणि किती याहागीच्या नावेवरचं, कोणीच डोळ्यांनी सांगू शकणार नाही. विकणारे सर्रास ‘हातसूत’ म्हणतात, कारण त्याने किंमत चढते. मी रकान्याचं नाव बदलून ‘हातचं किंवा गाराबो’ केलं. संग्राहकाला न आवडणारा रकाना आहे, पण खरा आहे.

19 मे

तपकिरी पट्टे गायब होतायत.

पान 22, तुकडा 7. मूळचा पट्टा निळा-तपकिरी-निळा असणार. निळे धागे शाबूत, मधले तपकिरी भुगा झालेले. फुंकर घातली तर उडतील. त्यांच्या जागी खालच्या कागदावरची ‘तेल’ ही अक्षरं दिसतात. असे तुकडे बरेच आहेत, आणि सगळीकडे तोच गडद तपकिरी किंवा काळा.

कारण लोह. टॅनिन असलेल्या सालीच्या रंगावर लोखंडाचं पाणी दिलं की काळा-तपकिरी उठतो, पण तेच लोह पुढे शंभर-दीडशे वर्षं कापूस खात बसतं. निळीचं तसं नाही, उलट निळीने रंगवलेलं सूत टिकतं. म्हणून आज जुन्या जपानी सुती कापडाचा ढीग बघितला तर वाटतं सगळ्या देशाने निळंच घातलं. निळं पुष्कळ घातलं हे खरंच, रेशीम शेतकऱ्याला वर्ज्य होतं आणि गावोगाव निळीचे रंगारी होते. पण उरलेल्या निळ्यात न उरलेल्या तपकिरीचाही वाटा आहे, आणि वहीत तो मोजता येतो. जिथे धागा गेला तिथे शेजारचा आकडा आहे: ‘चहा 6’. चहा म्हणजे तपकिरी. सहा धागे होते.

या तुकड्यांचे फोटो दुप्पट काढले, तिरक्या प्रकाशातही. पान उलटताना खाली पातळ पुठ्ठा सरकवते, वळवत नाही.

16 जून

पावसाळा टेकला. खोलीतली आर्द्रता सत्तरच्या वर. वही बंद, किरीच्या लाकडाच्या पेटीत. हे हलकं लाकूड दमट हवेत फुगून झाकण घट्ट करतं, म्हणून किमोनो यात ठेवतात. काम फक्त स्प्रेडशीटवर.

28 जुलै

बाजाराचा दिवस. सकाळी आठलाच अंग चिकट. काही घ्यायचं नव्हतं, तरी गेले, नेहमीचंच.

एका विक्रेत्याने वहीबद्दल ऐकलं होतं. पानं सुटी करून दे म्हणाला, चौकटीत घालून परदेशी गिऱ्हाइकाला विकतो. वहीला जेवढे दिलेस त्याच्या कितीतरी पट होतील. त्याचं गणित चुकीचं नाही. शिमा-चोची सुटी पानं खरंच जातात, ‘जपानी मिनिमलिझम’ अशा नावाखाली. भिंतीवर छानही दिसतात.

पण पान सुटं झालं की ते कुठल्या पानानंतर होतं ते गेलं. शेजारणीचा तुकडा कुठला, सुनेचा कुठला, गिरणीचं सूत कुठल्या पानापासून आलं, हे सगळं क्रमात आहे. मुखपृष्ठाशिवाय मिकावा नाही, 1855 नाही. उरतो एक सुंदर चौकोन. याच कारणाने अख्खी फुतोनची (जपानी गादीची) खोळ कापून उशांचे अभ्रे करणाऱ्यांवरही माझा राग आहे, आणि तो मी बाजारात कोणापासून लपवत नाही. त्याला ‘नाही’ म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि मला त्याच्याकडच्या एका पोरासोरांच्या कासुरी किमोनोवर चांगली सूट दिली, म्हणजे मन मोडलं नसावं. (कासुरी: विणण्याआधी सूत बांधून रंगवायचं, आपल्याकडच्या पटोळ्यासारखं. किंमत ठरवताना पाठ बघावी. छापील नक्कल असेल तर पाठीला रंग फिका.)

12 ऑगस्ट

सुट्टीत निशिओला गेले. मिकावातच. इथे तेनजिकु जिंजा नावाचं छोटं देऊळ आहे, कापसाच्या देवाचं.

गोष्ट ‘निहोन कोकी’ या दरबारी इतिहासग्रंथात आहे. 799 साली मिकावाच्या किनाऱ्याला एक तरुण छोट्या नावेतून वाहत आला. पाठीवर कापड, कमरेला लंगोट, डाव्या खांद्यावर निळं वस्त्र. त्याच्याकडे एकतारी वाद्य होतं आणि बिया. तांग देशाच्या, म्हणजे चीनच्या, लोकांनी पाहून ठरवलं, हा कोनरॉनचा, म्हणजे दक्षिणेकडच्या देशांतला. पुढे भाषा शिकल्यावर त्याने स्वतः सांगितलं, तेनजिकुचा, म्हणजे हिंदुस्थानाकडचा. बिया कापसाच्या होत्या. पुढच्या वर्षी त्या कीई, आवाजी, सानुकी, इयो, तोसा अशा उबदार प्रांतांत वाटून पेरल्या. सरकी कशी भिजवायची, किती अंतरावर टोकायची, हेही लिहून दिलं होतं. पीक काही टिकलं नाही. जपानात कापूस खऱ्या अर्थाने रुजला तो पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि तेव्हा पुन्हा मिकावा पुढे.

दरवर्षी ऑक्टोबरात इथे उत्सव असतो. पिंजाऱ्याच्या धनुकलीने कापूस पिंजून देवाला वाहतात. आज देवळात मी एकटी. तो माणूस खरोखर कुठला होता यावर वाद घालणारे घालोत. इचलकरंजीच्या माणसाने त्याच्यापुढे दहा येनचं नाणं टाकायला हरकत नाही, म्हणून मामाच्या वतीने टाकलं.

22 सप्टेंबर

पान 31 वर तीन तुकडे बाकीच्यांहून वेगळे. सूत फार बारीक, दुपदरी, कापड घोटून चकचकीत केलेलं, निळ्यावर लाल आणि पिवळी रेघ. हे घरचं विणकाम नाही, विकतचं तोझान असणार, म्हणजे परदेशी धर्तीचं पट्ट्यांचं बारीक सुती कापड. शेजारणीकडून नाही, दुकानातून आलेला नमुना.

सतराव्या शतकापासून पोर्तुगीज आणि डच जहाजांनी हिंदुस्थानातलं पट्ट्यांचं कापड जपानात नेलं, आणि जपानी लोकांनी त्या पट्ट्यांना त्या त्या बंदरांची-प्रांतांची नावं ठेवली. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सान थोमेवरून सान्तोमे. बंगालवरून बेंगारा. आणि हाकामाच्या (किमोनोवरच्या चुणीदार घोळदार विजारीच्या) पातळ रेशमी पट्ट्याचं नाव चाउ, आपल्या चौलवरून. मामाला सांगितलं तर त्याला पटेना.

‘चौल? रेवदंड्याचं?’

तेच.

‘तितं तर आता नुसत्या वाड्या हायत नारळाच्या.’

सान्तोमेची नक्कल पुढे जपानात ठिकठिकाणी होऊ लागली, इथे शेजारच्या ओवारीतही. 1859 नंतर बारीक विलायती सूत मिळू लागल्यावर टोकियोजवळच्या कावागोएने त्यात नाव काढलं. मग तो पट्टा एखाद्या खेड्यातल्या बाईच्या नजरेला पडला, तिने वहीत चिकटवला, आणि पुढच्याच पानावर, तुकडा 3, त्याची जाड्याभरड्या घरच्या सुतातली आवृत्ती आहे! लाल रेघ नाही, कारण लाल रंग परवडत नसावा, तिथे तपकिरी. पिवळी आहे. धाग्यांचा क्रम तंतोतंत तोच, मोजून पाहिला. आख्ख्या वहीत हे एक पान मला सगळ्यांत आवडतं.

13 ऑक्टोबर

शेवटची पानं. इथे सगळं गिरणीचं सूत, आणि जांभळा. भडक, गुलाबीकडे झुकणारा जांभळा. वनस्पतीतून असा निघत नाही. रासायनिक रंग मेइजीत आले आणि खेड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पान 46 वर अशा एका तुकड्याभोवती कागदावर गुलाबी कड पसरली आहे, आणि तीच कड मागच्या पानावरच्या मिठाच्या हिशेबापर्यंत झिरपली आहे. खळ ओली होती, रंग कच्चा होता.

निळीबाबत मात्र हात टेकले. कृत्रिम नीळ बीएएसएफने 1897 ला बाजारात आणली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथेही पोचली. रेणू तोच, त्यामुळे डोळ्यांना आणि माझ्या मायक्रोस्कोपला फरक दिसत नाही. शेवटच्या पानांतलं निळं तादे-आइ या रोपाचं की पिंपातलं, रकाना रिकामा.

तर आजचा अंदाज असा: पहिली पानं 1860 च्या पुढची, मधली मेइजीची, शेवटची 1900 च्या अलीकडची. काही ठिकाणी नवा तुकडा जुन्या पानावरच्या मोकळ्या जागेत घुसलाय, तेव्हा पानाचा क्रम हा वर्षांचा क्रम धरायचा नाही. दुकानदार आजोबांना पुढच्या वेळी सांगेन. ते पुन्हा ‘एदो’च म्हणतील, आणि मुखपृष्ठापुरतं ते बरोबरच आहे.

10 नोव्हेंबर

फोटो, स्प्रेडशीट आणि मुखपृष्ठाचं वाचन यांची एक प्रत त्या भागातल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहाला दिली. मूळ वहीही पुढेमागे तिथेच जावी असं वाटतं, पण त्यांची साठवणीची जागा भरली आहे आणि मलाही घाई नाही.

बाकी राहिलेलं: पान 38 चं हस्ताक्षर (ॲप तिथे निव्वळ बडबडतं), लोहाने खाल्लेल्या तुकड्यांवर रेशमी जाळी घालायची की नाही यावर कोणा जाणकाराचा सल्ला, आणि मामाचं खूळ.

मामाला पान 32 चा तिसरा तुकडा विणायचाय. धाग्यांचा क्रम पाठवला: कोन 4, पिवळा 1, कोन 4, तपकिरी 2, आणि पुढचं. फणी कितीची, सूत कोणतं, हे त्याने स्वतःच ठरवलं. मग विचारलं, ‘काठ कसा हाय? पन्हा किती?’

तुकडे सगळे मधून कापलेले, काठ एकालाही नाही. पण इथल्या मागांचा पन्हा ठरलेला, साधारण 36 सेंटीमीटर, तेवढा धर म्हटलं.

‘चौदा इंच?’ तो म्हणाला. ‘माझ्या लूमवर चौदा इंचाचं काय इनू? टॉवेल बी मोठा असतोय.’ थोडा वेळ गप्प. ‘थांब, वळिवड्याच्या पल्याड एक हातमागवाला हाय अजून. त्याला गाठतो.’

तपकिरीला लोखंड वापरू नका, एवढं त्याला दोनदा बजावलंय.